वडिलांच्या नावाने येणारा डिव्हिडंड

गेल्या वर्षीची गोष्ट. शाळेची मधली सुट्टी नुकतीच झाली होती आणि मी स्टाफरूममध्ये डबा उघडून बसले होते. तेवढ्यात आमच्या गावच्या पोस्टमनचा फोन आला. मी कणकवलीला हायस्कुलात मराठी आणि इतिहास शिकवते. माहेर कुणकेश्वरच्या थोडं पुढे, समुद्राकडच्या एका वाडीत. तिथे माझी आई एकटीच राहते. पोस्टमनचा फोन म्हटल्यावर माझ्या हातातला घास तसाच राहिला.

"घाबरू नकात ताई, आवस बरी आसा," तो आधी म्हणाला. "पण तेंनी स्पीड पोस्टाचा पाकीट घेवक नाय म्हटल्यानी. सयच करीत नाय. बाबांच्या नावार आसा. परत धाडू काय?"

"खंयसून इलाहा?"

"तेलाच्या कंपनीचा आसा. माका वाटता काय तरी महत्त्वाचा असतला. म्हणान तुमका इचारलंय."

मी त्याला म्हटलं, दोन दिवस ठेवून घे, शनिवारी शाळा सुटली की मी येते.

माझे वडील त्या कंपनीत होते. मुंबईपासून दूर, भर समुद्रात तेलाच्या विहिरी आहेत. तिथल्या प्लॅटफॉर्मवर ते क्रेन चालवायचे. चौदा दिवस समुद्रात, चौदा दिवस घरी. हेलिकॉप्टरने मुंबईत उतरायचे आणि एसटीने गावी यायचे. वाडीतल्या लोकांना हेलिकॉप्टरचं फार कौतुक. आईला मात्र सगळ्याच प्रकाराबद्दल शंका होती. "दर्यात बाव खणतत आणि पाण्याच्या बदली तेल काढतत, ह्या तुमी माका सांगू नकात," असं ती त्यांना कित्येक वर्षं म्हणत होती. वडील हसायचे. पुढे एकदा त्यांनी प्लॅटफॉर्मचा फोटो आणून दाखवला, तेव्हा तिने विचारलं, "आणि ह्येका खाली पाय आसत?"

कंपनीने कर्मचाऱ्यांना शेअर देऊ केले तेव्हा वडिलांनी थोडे घेतले. पहिलं नाव त्यांचं, दुसरं आईचं. शेअर म्हणजे काय हे त्यांनी तिला समजावून सांगितलं ते मला आठवतं, कारण मी तिथेच अभ्यास करत बसले होते. ते म्हणाले, कंपनीचा अगदी बारीकसा तुकडा आपला झाला. कंपनीला फायदा झाला की त्यातलं थोडं आपल्याला पोस्टाने येणार, त्याला डिव्हिडंड म्हणतात. मग पहिलं वॉरंट आलं तेव्हा तो चेकसारखा कागद त्यांनी तिच्या हातावर ठेवला. "ह्यो पैसो तुजो. माका हिशेब देव नको."

रक्कम मोठी कधीच नव्हती. पण ती तिची होती. वर्षातून दोन-तीनदा पाकीट यायचं आणि आई ठेवणीतली साडी नेसून देवगडच्या बँकेत जायची. एकदा त्या पैशांत तिने स्वयंपाकघरात पंखा बसवून घेतला. तेव्हा आमच्या वाडीत कुणाच्या स्वयंपाकघरात पंखा नव्हता. बायका बघायला आल्या आणि गॅस विझेल, फोडणी उडेल, असं सांगून गेल्या. माझ्या बी.एड.च्या होस्टेलची एका वर्षाची फीसुद्धा तिने त्यातूनच भरली होती, आणि ते तिने मला फार उशिरा सांगितलं.

वडील निवृत्त झाले आणि तीन वर्षांनी गेले. एका सकाळी चहा पिता पिता छातीत दुखायला लागलं, देवगडला पोचेपर्यंत सगळं संपलं होतं. मी एकुलती एक. दिवस झाल्यावर आईला माझ्याकडे चल म्हटलं. ती येईना. मला वाटलं, नवं दुःख आहे, घर सोडवत नसेल. पण एक वर्ष गेलं, दुसरं गेलं, तरी तिचं तेच. ती माझ्याकडे एक रात्रही राहायची नाही. आली तर रविवारी सकाळच्या गाडीने यायची, जेवायची, आणि दुपारी तीनची गाडी चुकू नये म्हणून अडीचलाच चपला घालून बसायची.

चार वर्षांपूर्वी माझं गर्भपिशवीचं ऑपरेशन झालं. त्या दिवशी ती आली. मी शुद्धीवर आले तेव्हा माझा हात तिच्या हातात होता. पण संध्याकाळी डोळे उघडले तर खुर्ची रिकामी. नवरा म्हणाला, "आई गेल्या गाडीला. म्हणाल्या, घर उघडं आहे." ते मला फार लागलं होतं. माझ्या सासूबाईंनी पंधरा दिवस माझं सगळं केलं, आणि प्रत्येक वेळी त्या ताट घेऊन आल्या की मला आईचा राग यायचा. त्या रागाबद्दल मी तिच्याशी कधी बोलले नाही. फोन मात्र कमी केले.

तर त्या शनिवारी मी गावी गेले. आधी पोस्टात जाऊन पाकीट घेतलं. पोस्टमनने ओळखीवर दिलं, माझी सही घेतली. मी तिथल्या बाकावर बसूनच ते फोडलं. पत्र इंग्रजीत होतं. दोनदा वाचल्यावर कळलं. लिहिलं होतं की या शेअरवरचा डिव्हिडंड गेली सलग सात वर्षं कुणी घेतलेला नाही. अमुक तारखेच्या आत मागणी केली नाही, तर नियमाप्रमाणे जुना डिव्हिडंड आणि शेअरसुद्धा सरकारच्या निधीत जमा होतील. खाली कागदपत्रांची यादी, सोबत एक फॉर्म. तारखेला अडीच महिने होते.

सात वर्षं. म्हणजे वडील गेल्यापासून. मला काही कळेना. पाकिटं येत असणार, आणि आई बँकेत जाणारी बाई. मग गेली कुठे?

घरी पोचले तेव्हा आई मागच्या पडवीत कोकमाची सालं डब्यात भरत होती. मी पत्र पुढे केलं. तिने ते बघितलं मात्र, हातातला डबा खाली ठेवला आणि उठून आत गेली. मी मागोमाग गेले.

"आये, ह्या काय आसा? डिव्हिडंडाची पाकिटां येत होती मा?"

"माका ठाऊक नाय."

"पोस्टमन खोटा बोलता?"

"तू कित्याक घेतलंस ता पाकीट?" ती एकदम ओरडली. "परत जावक व्हया होता ता! सय कोणी केल्यान? तू केलंस? तुजा नाव लिवलंस?"

मी हो म्हटलं. त्याबरोबर ती मटकन खाटेवर बसली आणि रडायला लागली. वडील गेले तेव्हाही ती अशी रडली नव्हती. मी घाबरले. पाणी दिलं, पाठीवरून हात फिरवला. बऱ्याच वेळाने तिने कपाटाकडे बोट दाखवलं. वर वडिलांची बॅग होती, चौदा दिवसांचे कपडे भरून न्यायची. मी ती खाली काढली आणि चेन उघडली. आत पाकिटंच पाकिटं. वीस तरी असतील, सगळी वडिलांच्या नावाची. एकही फोडलेलं नव्हतं.

मग तिने सांगितलं. थांबत थांबत, मध्येच डोळे पुसत. ते असं होतं.

वडील जाऊन आठ दिवस झाले होते. त्याआधीच आलेलं एक वॉरंट घरात होतं. क्रियाकर्माचा खर्च होता, मी धावपळीत होते, म्हणून तिने शेजारच्या पोराजवळ न देता स्वतः देवगडला जाऊन ते नेहमीसारखं खात्यात भरलं. ती परत आली. दहाव्याच्या दिवशी घर माणसांनी भरलेलं होतं. बाहेर ओट्यावर पुरुष बसले होते आणि आई आत, दाराच्या आडोशाला. शेजारचे काका, जे तहसील कचेरीतून निवृत्त झालेले, ते कुणाला तरी सांगत होते: मेलेल्या माणसाच्या नावाचे पैसे उचलले की गुन्हा; बँकेत सगळं कळतं; एका घरी पोलीस आले आणि बाईला घेऊन गेले.

"माका वाटला, ते माकाच सांगतत," आई म्हणाली. "तेंका कळला असतला. म्हणान माज्या कानार घालतत."

"मगे तू माका कित्याक सांगूक नाय?"

"तू सरकारी पगारार. मास्तरणीची आवस चोर, असा लोक म्हणतले. तुजी नोकरी गेली तर?"

मग पुढचं पाकीट आलं. तिला वाटलं, कंपनीने पकडलं, त्याचीच नोटीस असणार. ते फोडायची तिची हिंमत झाली नाही. टाकायचीही झाली नाही, कारण वर वडिलांचं नाव होतं. ते बॅगेत गेलं. मग दुसरं, मग तिसरं; त्यांना सही लागत नव्हती. पोस्टमन कुठल्या दिवशी येईल याचा नेम नाही. आपण घरी नसलो आणि त्याने पाकीट शेजारी दिलं तर काका उघडून बघतील, सगळीकडे होईल. म्हणून टपाल नसलेला रविवार सोडला तर तिने घर सोडलं नाही. सात वर्षं. बँकेतही पुन्हा पाऊल टाकलं नाही. तिच्या नावाची पेन्शन दुसऱ्या बँकेत यायची, ती काढायला एटीएमचं कार्ड माझ्या नवऱ्याकडे देऊन ठेवलं होतं, आणि आम्हाला वाटायचं की तिला आता झेपत नाही.

"तुज्या ऑपरेशनाक," ती म्हणाली आणि थांबली. "गाडीत बसान रडत इलंय मी. कंडक्टरान इचारल्यान, आजये, काय झाला?"

मी तिच्याजवळ बसून राहिले. इतकी वर्षं मनात धरून ठेवलेलं काहीतरी त्या खाटेवर माझ्या हातून सुटलं. ती मला सोडून गेली नव्हती, घाबरून गेली होती. हे कळल्यावर मला आधी इतकं हलकं वाटलं की मी चक्क हसले. तिला ते आवडलं नाही. "हसतंस काय? पोलीस येतले तेव्हा हस."

खरं सांगायचं तर मलाही खात्री नव्हती. गुन्हा नसणार असं मन सांगत होतं, पण मी इतिहास शिकवणारी बाई, बँकेचे नियम मला काय ठाऊक? सोमवारी मी रजा टाकली आणि तिला घेऊन देवगडला गेले. यायला ती तयार नव्हतीच. शेवटी म्हणाली, "चल. एकदाचा काय ता होवंदे." तिने ठेवणीतली साडी नेसली नाही. औषधांचा डबा आणि एक जादा लुगडं पिशवीत घातलं. का, ते मी विचारलं नाही. मला कळलं होतं.

बँकेत एक तरुण अधिकारी बाई होत्या, विदर्भाकडच्या असाव्यात, बोलण्यावरून तसं वाटलं. मी पत्र दाखवलं. त्यांनी ते शांतपणे वाचलं आणि म्हणाल्या, "सोपं आहे. शेअरवर आजींचं नाव आहेच. यजमानांचा मृत्यूचा दाखला, पॅन, आधार, रद्द केलेला चेक, आणि या फॉर्मवर आजींची सही. ती आमच्यासमोर करायची, म्हणजे आम्ही शिक्का मारून देऊ."

त्यांनी फॉर्म आणि पेन आईपुढे सरकवलं. आईने पेन हातात घेतलं आणि पुन्हा टेबलावर ठेवलं. मग ती ऑफिसात बोलायच्या मराठीत, एकेक शब्द जपून, म्हणाली, "मॅडम, मी एक चूक केलेली आहे. आधी ती ऐकून घ्या. मग सही घ्या."

मी खाली बघत राहिले. आईने सगळं सांगितलं. वॉरंट, आठवा दिवस, रक्कम. रक्कम तिला रुपयापर्यंत पाठ होती. बाईंनी मध्ये एकदाही तोडलं नाही. तिचं संपल्यावर त्यांनी कॉम्प्युटरवर खातं उघडलं, जुन्या नोंदी काढल्या, थोडा वेळ बघितलं. तेवढ्या वेळात आईने माझं मनगट इतकं घट्ट धरलं होतं की बांगडी रुतली.

"आजी," त्या म्हणाल्या, "हे खातं तुमचं दोघांचं होतं. दोघांच्या नावाचं. वॉरंट खात्यात जमा झालं. यात गुन्हा कसला?"

"पण ते तेव्हा नव्हते."

"नव्हते, पण तुम्ही होतात ना. दोघांपैकी जो हयात असेल त्याचं खातं, असं इथे लिहिलेलं आहे. यजमान गेल्याचं आमच्या बँकेला आणि कंपनीच्या शेअरच्या विभागाला कळवायला हवं होतं, एवढंच राहिलं. ते आज करू."

"म्हणजे गुन्हा नाही?"

"नाही हो."

"पोलीस?"

"कुणी येणार नाही."

आईने माझं मनगट सोडलं. मग म्हणाली, "हे मला लिहून द्याल?"

मला वाटलं, आता त्या हसतील किंवा वैतागतील. मागे रांगेत चार माणसं उभी होती. पण त्यांनी खातं उघडतानाच्या कागदाची प्रत काढली, त्यातल्या त्या ओळीखाली पेनाने रेघ ओढली आणि आईला दिली. आईने चष्मा लावून ती ओळ वाचली. इंग्रजीत होती, तरी वाचली. मग कागदाची घडी करून ब्लाउजमध्ये ठेवली आणि सही करायला घेतली.

पहिली सही बँकेतल्या सहीशी जुळली नाही. दुसरीही नाही. बाई म्हणाल्या, "घाई नाही. चहा पिऊन या." समोरच्या हॉटेलात मी चहा मागवला. आईने चहाबरोबर बटाटावडा मागितला. मग आणखी एक. सात वर्षांत तिला मी बाहेर काही मागून खाताना बघितलं नव्हतं. परत येऊन केलेली सही पहिल्याच फटक्यात जुळली.

पुढे लगेच सगळं झालं असं नाही. कागद पाठवल्यावर महिन्याभराने कंपनीच्या शेअरचं काम बघणाऱ्या ऑफिसातून आक्षेपाचं पत्र आलं. शेअरवरच्या आणि आधारवरच्या नावात एका इंग्रजी अक्षराचा फरक होता. त्यासाठी प्रतिज्ञापत्र करावं लागलं. कागदी शेअर आता चालत नाहीत म्हणून आईच्या नावाने डिमॅट खातं उघडावं लागलं. मी तारखा मोजत होते. आई मात्र निवांत होती. ते आक्षेपाचं पाकीट तिने स्वतः सही करून घेतलं होतं, स्वतः फोडलं होतं, आणि मला फोन करून म्हणाली होती, "काय तरी चुकलाहा म्हणतत. तू बघ. माका विंग्लिश येना नाय."

मध्ये एकदा मी शेजारच्या काकांना गाठलं. ते झोपाळ्यावर पेपर वाचत होते. मी विचारलं, बाबांच्या दहाव्याला तुम्ही कुणाबद्दल बोलत होता? त्यांना आठवायला वेळ लागला. मग म्हणाले, दुसऱ्या गावात एकाने बाप मेल्याचं लपवून त्याची पेन्शन पाच वर्षं उचलली होती, त्याबद्दल. आमच्या घराशी त्याचा काही संबंध नव्हता. मी आईची हकीकत सांगितली. त्यांनी पेपर खाली ठेवला. दुसऱ्या दिवशी सकाळी ते आमच्या दारात उभे.

"वयनी, माज्या तोंडामुळे झाला ह्या."

आईने त्यांना बसवलं, चहा दिला. "तुमचो काय दोष नाय," ती म्हणाली. "पण वायच हळू बोलत जावा. कचेरी सुटान वर्षां झाली तुमची."

शेअर गेले नाहीत. मुदतीच्या आधी तेरा दिवस आईचं नाव चढल्याचं पत्र आलं, आणि त्यानंतर काही आठवड्यांनी सात वर्षांचा साठलेला डिव्हिडंड एकदम तिच्या खात्यात जमा झाला. मोबाइलवर मेसेज आला तेव्हा मी वर्गात होते. तास संपल्यावर तिला फोन केला. रक्कम सांगितली. तिने पुन्हा विचारलं, मी पुन्हा सांगितली.

"इतके वर्षां ते धाडीतच होते," ती म्हणाली. "आणि मी तेंका बॅगेत कोंडून ठेवलंय." 'ते' म्हणजे कंपनी की वडील, हे मी विचारलं नाही.

मे महिन्यात ती माझ्याकडे राहायला आली. आठ दिवस राहीन म्हणाली होती. सोबत सोलं, कुळथाचं पीठ, फणसाची साठं आणि माझ्यासाठी एक साडी. साडी साधी होती, पण ती देताना तिने मुद्दाम सांगितलं, "माज्या पैशातली आसा." पहिल्या रात्री ती माझ्या खोलीत झोपली आणि सकाळी साडेआठपर्यंत उठली नाही. मी दोनदा जाऊन तिचा श्वास बघून आले. माझ्या सासूबाई म्हणाल्या, "झोपूदे गो तिका." उठल्यावर तिने घड्याळ बघितलं आणि स्वतःच लाजली.

ऑपरेशनबद्दल आम्ही पुन्हा बोललो नाही. एका दुपारी मी पाठ टेकून पडले होते, तेव्हा ती न सांगता येऊन माझे पाय चेपायला लागली. मी नको म्हटलं. ती थांबली नाही. चेपता चेपता ती मला वाडीतल्या लग्नांचं सांगत होती, कुणाचं जमलं, कुणाचं मोडलं.

आठाचे अकरा दिवस झाले. बाराव्या दिवशी ती बॅग भरायला लागली तेव्हा मी म्हटलं, चल, तुला गावच्या गाडीत बसवते. ती म्हणाली, "गावाक नाय जावचा इतक्यात." शिरोड्याला तिची धाकटी बहीण आहे. तिच्या घरी आई नऊ-दहा वर्षांत गेली नव्हती.

"तिका फोन लावन दी," ती मला म्हणाली. "सांग, उद्या येतंय. आणि सांग, चार दिवस रवतलंय."